एका बुटाचं बिल

कायदा लिहिणाऱ्या माणसाचे दोन्ही पाय धड असणार, याबद्दल आप्पांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. एरवी पादत्राणांवरच्या कराचं कलम लिहिताना त्याने 'प्रति जोड' हे दोन शब्द इतक्या बिनघोरपणे लिहिलेच नसते. अमुक किमतीच्या आतला जोड असेल तर कमी कर, वरचा असेल तर थोडा जास्त. आणि जोड नसेलच तर? तर मग कायद्याच्या लेखी ते पादत्राणच नव्हे. तो झाला 'पादत्राणाचा सुटा भाग'. म्हणजे टाच, तळवा, नाडी, बक्कल यांच्या रांगेत जाऊन बसायचं आणि सगळ्यात चढा कर भरायचा.

आप्पा एकेकच बूट करायचे. तोच त्यांचा धंदा होता. मोठ्या दवाखान्याच्या मागच्या गल्लीत त्यांच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत गिऱ्हाइकासाठी भक्कम हातांची खुर्ची. आतल्या खोलीत कातड्याचे तुकडे, सोल्युशनचा डबा, शिलाईचं जुनं मशीन आणि भिंतभर लाकडी पाय. बूट ज्यावर चढवून घडवतात ते हे साचे. आप्पा त्यांना कलबूत म्हणायचे आणि प्रत्येकावर पेन्सिलीने माणसाची खूण लिहून ठेवायचे: 'जिन्यावरून पडलेला', 'साखरेचा डावा', 'हसरी बाई'. कुणाचा एक पाय कापलेला, कुणाचा एक सुजून भोपळा झालेला. दवाखान्यातून सुटली की ही माणसं थेट आप्पांकडे यायची, कारण मोठ्या दुकानात गेलं तर जोडच घ्यावा लागतो. "एका पायाच्या माणसाकडून दोन बुटांचे पैसे घ्यायचे," आप्पा म्हणायचे, "आणि उरलेला बूट त्यानं घरी नेऊन काय करायचं? रोज बघत बसायचं?"

आप्पांची मुलगी करसल्लागार होती. तिची आई ती शाळेत असतानाच गेली. त्यानंतर आप्पांनी तिला वाढवलं असं लोक म्हणत, पण खरं तर तिनेच आप्पांना वाढवलं. जेवायला बसा, दाढी करा, त्या माणसाला पुन्हा उधार देऊ नका, असे तिचे हुकूम सुटत. म्हणून आप्पा तिला 'साहेब' म्हणायला लागले. पुढे ती शिकली, परीक्षांवर परीक्षा पास झाली, वह्यापुस्तकांच्या दुकानावरच्या माडीवर तिने स्वतःचं ऑफिस थाटलं, हाताखाली दोन मुली ठेवल्या, आणि साहेब हे नाव खरंच ठरलं. तिच्या कडकपणाचा बोलबाला होता. अशिलाने एका बिलाची तारीख इकडची तिकडे केली तरी ती अख्खा गठ्ठा परत पाठवायची. "मॅडम, थोडं सांभाळून घ्या ना," असं कुणी म्हणालं की ती चष्मा काढून नुसती बघायची, आणि तो माणूस आपण होऊन जिना उतरायचा.

पूर्वी आप्पा हाताने बिल लिहीत. 'बूट, उजवा, नग एक.' खाली सही. कुणाची काही तक्रार नव्हती. मग सरकारने नवी पद्धत काढली. प्रत्येक बिल विक्री होताक्षणी करखात्याच्या ऑनलाइन यंत्रणेतच बनवायचं. तिथे बनलं नाही ते बिलच नव्हे. कल्पना काही वाईट नव्हती. चोऱ्या थांबाव्यात म्हणून काढली होती, आणि बऱ्याच थांबल्याही. पण त्या यंत्रणेत 'पादत्राणे' असं निवडलं की परिमाणाच्या रकान्यात एकच शब्द उघडायचा: जोड. संख्येत अर्धा लिहिलं की लाल अक्षरं यायची, 'पूर्ण संख्या लिहा'.

मुलीने खात्याच्या मदत केंद्राला फोन लावला. वाट बघून बघून कान तापल्यावर एक तरुण आवाज आला. तिने सगळं समजावून सांगितलं.

"पण मॅडम," तो आवाज म्हणाला, "दुसरा बूट कुठे गेला?"

"दुसरा नाहीच आहे."

"हरवला का?"

"अहो, पाय नाहीये!"

पलीकडे कळफलक खडखडला. मग तो आवाज अगदी मनापासून म्हणाला, "सॉरी मॅडम. पण सिस्टीममध्ये तसा ऑप्शन नाही."

तिने खात्याला अर्ज केला, त्याचं स्मरणपत्र केलं, स्मरणपत्राचंही स्मरणपत्र केलं. उत्तर आलं की विषय विचाराधीन आहे. तोवर सुटा भाग म्हणून कर लावावा, तर एक बूट इतका महाग होत होता की त्यापेक्षा दुकानातला अख्खा जोड परवडावा. दवाखान्याच्या मदतनिधीतून ज्यांचे पैसे यायचे त्यांचा दर तर ठरलेला; त्यात एक पै वाढत नव्हती. आप्पा महिनाभर बिल न करता बसून राहिले. तयार बूट फळीवर आणि माणसं कुबड्यांवर ताटकळत. आप्पांचं तोंड सुकून गेलं. कातडं कापायची रापी हातात नसली की हा माणूस आजारी दिसायचा, आणि ते तिला बघवत नव्हतं.

तेव्हा तिच्या डोक्यात ती युक्ती आली. अशी चूक अडाण्याकडून होत नाही. ती करायला कायदा तोंडपाठ असावा लागतो.

"आप्पा, तुमच्याकडे एकाचा डावा असतो, एकाचा उजवा असतो," ती म्हणाली. "दोन मिळून जोड. दोघांचं मिळून एक बिल करा. कर जोडाच्या दराने पुरेपूर भरायचा. सरकारचा एक पैसा बुडत नाही."

"आणि बिलावर नाव कुणाचं?"

"आधी येईल त्याचं."

"आणि दुसऱ्याचं?"

"त्याला तुम्ही हाताने पावती द्या. वर तोच बिल नंबर घाला, म्हणजे आपल्याकडे मेळ राहील."

आप्पा थोडा वेळ कान खाजवत बसले. "खोटं नाही ना गं हे?"

"आकडा खरा आहे," ती म्हणाली. एवढं बोलून तिने विषय संपवला. दुसऱ्या कुणी हेच विचारलं असतं तर तिने त्याला जिना दाखवला असता, हे तिला ठाऊक होतं. पण समोर आप्पा होते.

हळूहळू आप्पांना त्या कामाची गोडीच लागली. फळीवर एक डावा आणि एक उजवा झाला की ते एका बोटाने टकटक करत बिल बनवायचे आणि मुलीला फोन लावायचे. "साहेब, आणखी एक उजवली बरं का!" लेकीचं लग्न करून दिलं की ती उजवली म्हणतात, आणि इथे तर डावीला खरोखरच उजवा मिळत होता. या शब्दावर आप्पा बेहद्द खूष होते. मुलगी कामाच्या रगाड्यात असली तरी तेवढ्यापुरती हसायची. तिने लग्न केलं नव्हतं. कुणी त्यावरून छेडलं की आप्पाच पुढे होऊन म्हणत, "तिच्यामुळे मी इतक्या सोयरिकी जुळवल्यात, तुमच्या सात पिढ्यांत कुणी जुळवल्या नसतील."

अशाच एका बिलावर भूगोलाचे निवृत्त मास्तर आणि एक शिंपीणबाई एकत्र आले. मास्तरांचा डावा पाय गेला होता, त्यांना उजवा बूट हवा होता. शिंपीणबाईंना अपघातानंतर डावाच पाय उरला होता, आणि त्या एकाच पायावर त्या दिवसभर मशीन चालवायच्या. त्यांचा बूट पुढून झिजायचा. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलंही नव्हतं.

"बाई, तुमच्यासाठी स्थळ आलंय," आप्पा शिंपीणबाईंना म्हणाले. "उजवं आहे. पेन्शन आहे. सगळं जग नकाशावर फिरून आलंय."

"आणि दात आहेत का?" शिंपीणबाई म्हणाल्या.

"ते विचारतो. पायाचं तेवढं माझ्याकडे."

शिंपीणबाई हसत हसत पावती पिशवीत घालून गेल्या.

मग एका वर्षी अर्थसंकल्पात सरकारने एक चांगलं काम केलं. अपंग माणसाने स्वतःसाठी घेतलेल्या साधनांचा खर्च करातून परत मिळेल, बिलाचा नंबर तेवढा भरायचा. आप्पांनी ती बातमी कापून दुकानात चिकटवली. येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत होते, अर्ज करा, तुमच्या हक्काचं आहे. मुलगी त्या दिवसांत विवरणपत्रांच्या गर्दीत गळ्यापर्यंत बुडाली होती. तिच्या ध्यानात यायला हवं होतं. नाही आलं.

मास्तरांनी अर्जात बिलाचा नंबर भरला. शिंपीणबाईंनीही भरला, तोच. आणखी कितीतरी जणांनी तसेच भरले. यंत्रणेला भावना नसतात, पण तिची नजर पक्की असते. एकाच बिलावर दोन दोन माणसं हक्क सांगताहेत हे तिने टिपलं, आणि सगळ्यांच्या घरी नोटिसा गेल्या. 'बनावट बिलाच्या आधारे लाभ मिळवण्याचा प्रयत्न' असं वर ठळक लिहिलं होतं.

शिंपीणबाई नोटीस घेऊन दुकानात आल्या तेव्हा मुलगी तिथेच होती.

"आप्पा, आयुष्यात कुणाचं दोऱ्याचं रीळ नाही उचललं मी. आणि हे मला चोर म्हणतायत." त्या खुर्चीत बसल्या आणि ओढणी तोंडाशी धरून रडल्या. आप्पा त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले, बुटाचं माप घ्यायला बसत तसे. पुढचं सगळं मुलीला तिथेच दिसलं, कारण असल्या नोटिसांचा शेवट कुठे होतो हे तिने इतरांच्या बाबतीत पाहिलेलं होतं.

सुनावणीची तारीख आली. आदल्या दिवशी सकाळी चहा पिताना ती आप्पांना म्हणाली, "उद्या मी सरळ सांगणार आहे. सल्ला माझा होता."

"मग तुझं काय होईल?"

"आमच्या मंडळाकडे तक्रार जाईल. सनद काढून घेतील."

"किती दिवस?"

"दिवस नाही, आप्पा. आमच्यात एकदा गेली की अशील परत येत नाही."

"आणि तुझ्या त्या दोघी मुली?"

तिच्या हाताखालच्या दोघींपैकी एक घर चालवत होती आणि दुसरी पुढच्या परीक्षेची फी साठवत होती. आप्पांनी बशी पालथी घातली, "आज जरा दवाखान्यापर्यंत जाऊन येतो," म्हणाले आणि निघून गेले.

सुनावणीची खोली लहान होती. लोखंडी कपाटं, फायलींचे ढीग, आणि मधल्या टेबलामागे एक अधिकारी बाई. वयाने मुलीपेक्षा लहान, चेहऱ्याने दमलेल्या, बोलायला सभ्य. त्यांनी सगळी फाईल वाचली होती, आणि ही गोष्ट दुर्मिळ आहे हे मुलीला कळत होतं.

"जोडाच्या हिशेबाने कर बुडालेला नाही हे मला दिसतंय," बाई म्हणाल्या. "उलट तुमच्याइतके वेळेवर भरणारे थोडे. पण ज्याने एकच बूट घेतला त्याच्या नावावर जोडाचं बिल, आणि ज्याने दुसरा घेतला त्याला बिलच नाही. याला मी दुसरं नाव देऊ शकत नाही. मला इथे तीनपैकी एक लिहावं लागतं. अनवधानाने, सल्लागाराच्या सांगण्यावरून, किंवा हेतुपुरस्सर. अनवधान इतकं नियमित होत नाही. तेव्हा मला सांगा, ही कल्पना कुणाची?"

मुलीने वाक्य घोकून ठेवलं होतं. कलमासकट, तारखेसकट. तिने तोंड उघडलं.

"माझी, बाई," आप्पा म्हणाले.

"तुमच्या मुलीने सांगितलं नाही?"

"तिला कुठे वेळ असतो! ती महिन्याला आकडे घेऊन जायची. बिल दुकानात बनतं. कुणाचं नाव कुठे टाकलं हे तिला काय माहीत? तिनं विचारलं असतं तर तिलाही थापच मारली असती मी. फार कडक आहे ती."

शेवटचं वाक्य आप्पा अभिमानाने बोलले. अधिकारी बाईंनी मुलीकडे पाहिलं. "मॅडम, हे असंच आहे?"

त्या क्षणी तिला एकच शब्द बोलायचा होता. 'नाही' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण तिला तिच्या ऑफिसच्या दारावरची पाटी दिसली, त्या दोघी दिसल्या, जिन्यात उभे राहून कुजबुजणारे अशील दिसले. आणि खरं सांगायचं तर याहून साधी गोष्ट होती. तिला भीती वाटली. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका पकडणाऱ्या बाईला स्वतःची चूक चारचौघांत सांगण्याची भीती वाटली. तिने मान डोलावली.

अधिकारी बाईंनी रकान्यात खूण केली. आप्पांनी जबाबावर सही केली, सावकाश, वळणदार. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "चल, मला भूक लागलीय." तिने त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

'हेतुपुरस्सर' हा लांबलचक शब्द आप्पांच्या आयुष्यात आला आणि त्याने बाकी सगळं बाहेर काढलं. धंद्याची नोंद रद्द झाली. पाच वर्षं नवी मिळणार नाही, आणि नोंदीशिवाय एक चप्पल विकली तरी गुन्हा. दवाखान्याने यादीतून नाव खोडलं. मागच्या सगळ्या बुटांवर सुट्या भागाचा चढा कर, व्याज आणि दंड लागला. तो भरायला मशीन गेलं, कातडं गेलं, आप्पांची पुंजी गेली, मुलीचीही बरीचशी गेली. कलबूत कुणी घेईना. भंगारवाला म्हणाला, लाकूड बरं आहे पण सगळे वेडेवाकडे. आप्पांनी ते ज्याचे त्याला नेऊन दिले. लोकांनी ते घेतले आणि त्याचं काय करायचं हे न कळून दाराशी हातात धरून उभे राहिले.

एक चांगलं झालं. दोष विकणाऱ्याचा ठरला म्हणून गिऱ्हाइकांच्या नोटिसा मागे घेतल्या गेल्या. ते सांगायला आप्पा मुलीला घेऊन शिंपीणबाईंकडे गेले. बाई मशीनवरून उठल्या नाहीत.

"तुम्ही असं कराल असं वाटलं नव्हतं, आप्पा," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला देवमाणूस समजत होते. माझ्या नावावर तुम्ही धंदा केलात."

"चुकलं माझं," आप्पा म्हणाले.

मुलगी त्यांच्या मागे उभी होती. इथे अधिकारी नव्हते, रकाने नव्हते, सनद जाणार नव्हती. तरीही तिने खरं सांगितलं नाही. एकदा गप्प बसलं की पुढच्या वेळी गप्प बसणं सोपं होतं, आणि याची तिला स्वतःचीच किळस आली. परतताना आप्पा रस्ताभर बाईंचीच काळजी करत होते. त्यांच्या बुटाचा पुढचा भाग पुन्हा झिजलाय, म्हणाले, आता कोण करून देणार.

त्यानंतर तिला झोप लागेना, जेवण जाईना. शेवटी एका सकाळी ती एकटीच त्या लोखंडी कपाटांच्या खोलीत गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली. अधिकारी बाईंनी उठून दार लोटलं.

"मॅडम, हे आता सांगताय?"

"हो."

"जबाबावर त्यांची सही आहे. तो खोटा म्हणायचा तर खोटा जबाब दिल्याचा गुन्हा आधी त्यांच्यावर लागेल. या वयात त्यांना कोर्टात उभं करायचं का, ते तुम्ही ठरवा. तुमचं जे व्हायचं ते वेगळंच होईल. आणि त्यांची नोंद तरीही परत मिळणार नाही, कारण बिलं त्यांच्याच हातची आहेत." बाईंनी फाईल मिटली. "मला त्या दिवशीच शंका आली होती. म्हणून तर मी तुम्हाला विचारलं."

मुलगी घरी आली. आप्पा खिडकीपाशी बसले होते. ती चपला न काढताच त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आप्पा, तुम्हाला वाटलं असेल नुसता दंड होईल. त्या शब्दाने दुकान जाईल हे तुम्हाला माहीत नव्हतं ना?"

"माहीत होतं की."

"कसं?"

"दवाखान्यातल्या हिशेबनिसाला विचारून आलो होतो आदल्या दिवशी. तीनपैकी कुठला शब्द लिहिला की काय होतं ते त्यानं नीट सांगितलं. भला माणूस आहे." आप्पांनी तिला हात धरून बसवलं. "अगं, माझी किती वर्षं राहिली? हातात आता पूर्वीची पकड नाही. तुझं अजून सगळं पुढे आहे."

"पण चूक माझी होती."

"माझ्यासाठीच केलीस ना? मग झालं तर."

"मी गप्प बसले, आप्पा. त्या बाईंनी मला विचारलं आणि मी गप्प बसले."

"मी तुला बोलायला जागाच कुठे दिली?" आप्पा म्हणाले. "मीच बडबडत होतो."

त्यांनी रागवायला हवं होतं. एक शिवी हासडली असती तरी तिला बरं वाटलं असतं. तिने त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि लहानपणीही रडली नव्हती इतकी रडली. आप्पा तिच्या पाठीवर थोपटत राहिले. त्यांच्या बोटांवरचे घट्टे आता मऊ पडायला लागले होते.

आप्पांना दिवसभर घरी बसवेना. म्हणून ते तिच्या ऑफिसात येऊन बसू लागले. दाराजवळच्या खुर्चीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला 'या, बसा, मॅडम आतच आहेत' म्हणत. हाताखालच्या मुलींनी त्यांना पाकिटांवर पत्ते लिहायचं काम दिलं, ते त्यांनी आनंदाने केलं. माणूस आत आला की आप्पा आधी त्याच्या पायांकडे बघायचे. ती सवय काही जाईना. काचेच्या आडोशामागून मुलगी हे रोज बघायची आणि मान खाली घालून कामाला लागायची.

पादत्राणांचं कलम पुढे बदललं. 'प्रति जोड अथवा प्रति नग' असं झालं. विषय विचाराधीन होता, तो विचार पूर्ण झाला. ते परिपत्रक तिच्या टेबलावर आलं तेव्हा तिने ते दोनदा वाचलं आणि आप्पांना दाखवलं नाही.

एका दुपारी जिन्यात कुबड्यांचा आवाज आला. आवाज पायरीपायरीला थांबत वर आला. दारात एक धट्टाकट्टा माणूस उभा होता, घामाने निथळत. विजारीचा एक पाय गुडघ्याखाली दुमडून टाचणीने टोचलेला, आणि दुसऱ्या पायात चुकीच्या मापाचा बूट. आप्पा ताडकन उठले आणि त्यांनी त्याला आपली खुर्ची दिली.

"करासंबंधी काम नाही माझं," तो माणूस धापा टाकत म्हणाला. "खालच्या दुकानात एकानं सांगितलं, वर विचारा म्हणून. इकडे कुणी एक बूटवाले आहेत म्हणे. नुसता एक बूट करून देतात. दवाखान्यात सगळे त्यांचंच नाव घेतात. मागच्या गल्लीत गेलो तर तिथं कुलूप."

आत मुलगी एका अशिलाला नव्या परिपत्रकाबद्दल समजावत होती. तिचं बोलणं मध्येच थांबलं. काचेतून तिला आप्पांची पाठ दिसत होती. त्यांचा उजवा हात त्या माणसाच्या बुटाकडे जायला निघाला होता. तो त्यांनी मागे घेतला आणि दुसऱ्या हातात धरून ठेवला.

"होते," आप्पा म्हणाले. "गेले ते."

"अरेरे." त्या माणसाचा चेहरा पडला. "कधी?"

"झाले काही महिने."

"मागे कुणी आहे का त्यांच्या? ते काम पुढं चालवणारं?"

"एक मुलगी आहे," आप्पा म्हणाले. "पण ती दुसऱ्या कामात आहे. चांगलं चाललंय तिचं."

"चला," तो माणूस कुबड्या सावरून उठत म्हणाला, "तेवढं तरी बरं झालं."